कड्याखालची जागा

रात्री गोठलं नव्हतं. लिओनेलने डोंगरापायथ्याच्या भाड्याच्या घराच्या पायरीवरून खाली पाऊल टाकलं आणि ते घोट्यापर्यंत आत गेलं, तेव्हाच त्याला ते कळलं. एप्रिल संपताना सकाळचा बर्फ कसा हवा, तर टाच आपटली की वाजला पाहिजे. हा वाजला नाही. भिजलेल्या साखरेसारखा बुटाभोवती दबला, आणि बूट वर काढल्यावर त्या खड्ड्यात हळूहळू पाणी साठलं.

छपरावरून थेंब पडत होते. रात्रभर पडत असावेत.

"गोठलं नाही," तो आत येऊन म्हणाला.

आर्मांड शेगडीपाशी अंडी तळत होता. दोघांनी उभा जन्म कागदाच्या कारखान्यात एकाच पाळीत काढला होता, आणि कारखाना बंद पडल्यावरही आर्मांडचा आवाज यंत्रं चालू असल्यासारखाच मोठा राहिला होता.

"बरं झालं की! मऊ असला म्हणजे आपटलं तरी ढुंगण शेकत नाही."

"तू कुठे आपटणार आहेस? तुझ्या कंबरेत तर डॉक्टरांनी लोखंड बसवलंय. तू खालीच बसणार."

"बसणार, खाणार, आणि तू आपटलास की टाळ्या वाजवणार. त्यासाठीच येतो मी दरवर्षी."

लिओनेलचा जावई कीथ बुटांचे बंद सैल करत बसला होता. तो दक्षिणेकडचा, वूस्टरचा. स्की बरा करायचा, पण या डोंगरावर पहिल्यांदाच येत होता. "रात्री गोठलं नाही म्हणजे वाईट का?" त्याने विचारलं.

"म्हणजे वरचं पाणी रात्रभर वाहत राहिलं," लिओनेल म्हणाला.

पुढे कुणी काही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

ओदेत जिना उतरून आली तेव्हा तिच्या अंगात आईचा लाल कोट होता. लिओनेल बघतच राहिला. कोट त्याच्या घरातल्या कपाटात होता, तिने कधी घेतला त्याला माहीत नव्हतं.

"चालेल ना, पप्पा?"

"थोडा मोठा होतोय."

"आई माझ्यापेक्षा जाड होती असं म्हणायचंय का तुला?"

"तिच्यासमोर कधी म्हणालो नाही," लिओनेल म्हणाला, आणि सगळे हसले. जनीन गेल्यानंतर तिच्या नावावर सगळे मिळून हसले, असं बहुधा पहिल्यांदाच झालं.

ती शरद ऋतूत गेली. घरी, बिछान्यात. पोटात काहीतरी होतं, कळलं तोवर वेळ निघून गेली होती. हिवाळाभर लिओनेलने बर्फ उपसला, लाकडं फोडली, रेडिओ ऐकला. एप्रिल आल्यावर त्याने सगळ्यांना फोन केले आणि सांगितलं, दरवर्षीसारखं जायचं. ओदेत म्हणाली, या वर्षी नको. तो म्हणाला, याच वर्षी.

दरवर्षीसारखं म्हणजे कढईत. खालच्या उतारांवरच्या लिफ्ट बंद झाल्या की न्यू हॅम्पशरमधली निम्मी स्कीवाली माणसं शेवटच्या बर्फासाठी तिथे जायची. डोंगराच्या खांद्यात कुणीतरी मोठी कढई आडवी खुपसून ठेवावी तशी ती जागा. तिथे लिफ्ट नाही, रस्ता नाही. स्की पाठीला बांधून दोन तास झाडीतून चढायचं, मग कढईच्या तळाशी पोचायचं, मग मागच्या उभ्या कड्यावर पायऱ्या खोदत आणखी वर जायचं, आणि एकदाच, फार तर दोनदा, खाली यायचं.

पण निम्मी माणसं वर जातच नसत. तळाला उजव्या कडेला मोठमोठे खडक पडलेले होते, त्यांच्यावर बसून दिवसभर खाणं-पिणं चाले. ऊन तिथेच पहिलं येई आणि वारा लागत नसे. वरून कुणी छान वळणं घेत आला की खडक टाळ्या वाजवत. कुणी गडगडत आला की आणखी जोरात वाजवत. ज्याच्या त्याच्या जागा ठरलेल्या होत्या, पण रिकामी दिसली की गेलीच. म्हणून प्रत्येक घरातलं कुणीतरी मागे थांबून जागा धरत असे.

लिओनेलच्या घरातली जागा धरायची जनीन. गुडघे गेल्यापासून ती वर चढत नव्हती. जेवणाच्या टेबलाएवढा एक सपाट खडक होता, त्यावर ती लाल कोट घालून बसायची, म्हणजे वरून दिसावी. लिओनेल माथ्याजवळून काठी हलवायचा, ती खालून हात हलवायची, आणि मग तो उतरायचा. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या खडकांच्या बरोबर वर कड्याचा उजवा भाग होता. हिवाळाभर त्यावरून पाणी पाझरायचं आणि गोठायचं, थरावर थर. वसंतात घराएवढी जाड बर्फाची लादी कड्याला चिकटलेली असायची. आणि वसंतातच ती सुटायची. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळे तिथेच बसत.

*

निम्म्या वाटेवरच्या लाकडी चौकीपाशी रेंजर बाई उभी होती. फळ्यावर तिने लाल खडूने बरंच काही लिहिलं होतं. लोक फळ्यासमोरून जाताना मान हलवत आणि पुढे चालू लागत.

"लिओनेल," ती म्हणाली. "जनीनचं कळलं मला. फार वाईट वाटलं."

"हं. थँक यू."

"आज खडकांवर बसू नका. डावीकडे बसा, झुडपांजवळ. तीन रात्री गोठलेलं नाहीये."

"तुम्ही दरवर्षी हेच सांगता."

"आणि तुम्ही दरवर्षी ऐकत नाही."

"माझी बायको इतकी वर्षं तिथे बसली," लिओनेल म्हणाला. "दगड सोडा, खडासुद्धा लागला नाही तिला. आणि घरात बिछान्यात काय झालं ते तुम्ही ऐकलंच आहे."

रेंजर बाईने ओदेतकडे पाहिलं, तिच्या कोटाकडे पाहिलं. "वर सांभाळून," एवढंच म्हणाली आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या घोळक्याकडे वळली.

थोडं पुढे गेल्यावर ओदेत बापाच्या बरोबरीने चालू लागली.

"पप्पा, ती म्हणते ते खरं आहे का?"

"तिचं कामच आहे सांगायचं."

"मी तुला विचारतेय."

"तुझी आई बसायची तिथे बसायचं का नाही बसायचं?" लिओनेल म्हणाला. "तुला नको असेल तर डावीकडे जाऊ."

ओदेतने कोटाची बाही मनगटावर दुमडली. "बसू," ती म्हणाली.

वाटेच्या कडेला बर्फाखालून ओढा वाहत होता. दिसत नव्हता, पण वाटभर ऐकू येत होता. एके ठिकाणी कीथची काठी आत गेली आणि खालून गार वाफ वर आली.

"बापरे. आपण पाण्यावरून चालतोय?"

"हळू चाल," आर्मांड मागून ओरडला. "पाण्यावरून चालणारा एकच होऊन गेला, आणि तू काही तो नाहीस."

*

खडक भरलेले होते. पंधरावीस टोळकी तरी असतील. कुणी गाणी लावली होती, कुणी शेगडी पेटवून सॉसेज भाजत होतं. पण त्यांचा सपाट खडक कसा कोण जाणे, रिकामा होता. आर्मांडने धापा टाकत त्यावर पिशवी आपटली.

"बघ! जनीनने धरून ठेवलीय."

लिओनेलने हात ठेवला. खडक उन्हाने कोमट झाला होता. त्याला वाटलं होतं, इथे आल्यावर तिची आठवण येऊन सहन होणार नाही. पण उलटच झालं. छातीतलं काहीतरी पहिल्यांदा सैल झालं. आर्मांडने पाव कापला, त्यावर डुकराच्या मांसाचं लोणी फासलं, अंड्यांचं लोणचं उघडलं. ओदेत आईच्याच जागी, उजव्या टोकाला, पाय लोंबकळत सोडून बसली. लिओनेल तिच्याकडे बघत खात राहिला. वर बघितलं नाही.

मग कुणीतरी ओरडलं, "लादी!"

सगळी तोंडं एकदम वर झाली. कुणी हललं नाही. कड्याच्या मधोमध एक पांढरा तुकडा सुटला होता. तो एकदा आपटला, फुटला, आणि त्याची पेटीएवढी दोनतीन ढेकळं सूं सूं करत डावीकडून घसरत तळाशी जाऊन थांबली. तिथे कुणी नव्हतं. खडकांवर हशा उठला, टाळ्या पडल्या, कुणी शिट्टी मारली.

ओदेत उठून उभी राहिली होती. "हे काय होतं?"

"काही नाही, बस," आर्मांड म्हणाला. "नियम लक्षात ठेव. ओरडा ऐकला की पळायचं नाही. आधी वर बघायचं. कुठून येतंय ते दिसलं की मग बाजूला व्हायचं. न बघता पळणाराच सापडतो."

"आणि कुणी उगाच ओरडलं तर?"

"उगाच कुणी ओरडत नाही. डोळ्याने बघितल्याशिवाय तो शब्द तोंडातून काढायचा नाही. या कढईत तेवढाच एक कायदा आहे, बाकी सगळा सावळा गोंधळ."

कीथने स्की पाठीला बांधल्या. "निघायचं का? ऊन वाढतंय."

"तू जाणार, पप्पा?" ओदेतने विचारलं.

"एकदा जाऊन येतो."

"मग जा. मी जागा धरते." ती हसली. "वरून दिसेन ना?"

या वेळी 'नको' म्हणायला हवं होतं. शब्द तोंडाशी आलाही. पण वरून लाल कोट दिसेल, हात हलवता येईल, मग उतरायचं, हे त्याला इतकं हवंसं वाटलं की तो म्हणाला, "दिसशील."

कीथच्या कानाशी ओदेत हळूच काही बोलली. लिओनेलला ऐकू आलंच. "त्यांना एकटं सोडू नकोस वर."

*

आधी गेलेल्यांनी बुटांनी पायऱ्या पाडल्या होत्या. कीथ पुढे, लिओनेल मागे. पायऱ्या लादीच्या डाव्या कडेला लागून वर जात होत्या. दर पावलाला बर्फ मांडीपर्यंत खचायचा. लिओनेल थांबत थांबत चढला. वयाचं काही नव्हतं, दरवर्षी तो असाच चढायचा. पण दरवर्षी असा आवाज नव्हता.

बंद न्हाणीघरात कुणी नळ चालू ठेवून जावं, तसा आवाज. लादीच्या आतून नव्हे, मागून.

तो पायरी सोडून दोन पावलं उजवीकडे गेला. लादी पांढरी नव्हती. राखाडी होती, मधे मधे पिवळट, आणि खालच्या कडेतून गढूळ पाणी उडत होतं. कड्याचा खडक आणि लादी यांच्यामधे फट होती. त्याने काठी आत घातली. काठी मुठीपर्यंत गेली आणि कशालाच टेकली नाही.

त्याने काठी बाहेर काढली. आत काहीतरी कुरकुरलं. मोठा आवाज नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी भरलेलं कपाट सरकवावं, तेवढाच.

मग त्याने खाली पाहिलं. लाल ठिपका बरोबर खाली होता. जरासुद्धा इकडे नाही, तिकडे नाही.

कित्येक वर्षं त्याने इथूनच कुठूनतरी काठी हलवली होती, आणि कित्येक वर्षं खालचा लाल कोट पाहिला होता. मधे काय लटकतंय ते कधी पाहिलं नव्हतं.

"लिओनेल? काय झालं?" कीथ वरून म्हणाला.

"डावीकडे जा. या लादीपासून लांब. त्या दुसऱ्या घळीतून उतर."

"आणि तुम्ही?"

"ओदेतला उठवतो."

कीथने फोन काढला, बघितला, खिशात टाकला. इथे कधीच फोन लागत नसे. लिओनेलने काठी वर धरून जोरात हलवली. बाजूला हो, बाजूला हो, अशी आडवी हलवली.

खाली लाल ठिपका उठून उभा राहिला. दोन्ही हात वर केले आणि हलवले. आईसारखेच. शेजारच्या खडकावरच्या लोकांनीही हात हलवले. कुणीतरी ग्लास उंचावला.

"ऊठ!" लिओनेल ओरडला. "ओदेत! तिथून ऊठ!"

वाऱ्याने शब्द नेले. कढईत कुणीही ओरडलं की खालून उत्तर द्यायची पद्धत होती. खालून साठसत्तर गळ्यांनी उत्तर दिलं, "ओ-हो-हो-हो!" आणि टाळ्या.

पुन्हा कुरकुरलं.

एकच शब्द होता जो खाली ऐकू गेला असता. कीथलाही ते कळलं असावं. "पण पडलं नाहीये अजून," तो म्हणाला.

"पडलं नाहीये," लिओनेल म्हणाला. त्याने दोन्ही हातांची ओंजळ तोंडाभोवती धरली.

"लादी!"

खालच्यांनी तो शब्द उचलला. लादी, लादी, एका खडकावरून दुसऱ्या खडकावर गेला. गाणी थांबली. सगळी तोंडं वर झाली. कुणीतरी धावलं, कुणीतरी दोन खडकांमधे पडलं, भांडं गडगडल्याचा आवाज वरपर्यंत आला.

लाल कोट मात्र जागचा हलला नाही. नुकतंच शिकवलं होतं तसं ओदेत मान वर करून बघत होती. कुठून येतंय ते दिसेपर्यंत हलायचं नाही. आणि काहीच येत नव्हतं.

हळूहळू खालून हसू आलं. मग शिव्या. "कोण रे तो गाढव?" एकजण ओरडला. "पुन्हा ओरडून दाखव, खाली आलास की बघतो!" गाणी पुन्हा लागली. जे पळाले होते ते एकेक करून आपापल्या जागी आले. लाल कोट खाली बसला.

लिओनेलने जिथे होता तिथेच स्की पायात चढवल्या. तो उतार उतरायचा नव्हता, माथ्यावरून आलं तरच नीट उतरता येई. तो आडवा घसरत निघाला. ओला बर्फ स्कीखालून सुटून त्याच्या पुढे पुढे वाहत होता. एकदा पडला, काठी गेली, ती तिथेच सोडून उठला. वर बघायची हिंमत झाली नाही. खाली खडकांवर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

*

"वेड लागलंय का तुला?" ओदेत ओरडली. "पडला असतास! कीथ कुठे आहे?"

"कीथ ठीक आहे. तू ऊठ."

"सगळी कढई तुला शिव्या घालतेय," आर्मांड म्हणाला. "पलीकडच्या बाईंचं ढोपर फुटलं. तुझा आवाज ओळखला मी. म्हटलं लिओनेल असं करणार नाही, आणि पाहतो तर लिओनेलच."

"काठी मुठीपर्यंत आत गेली," लिओनेल त्याला म्हणाला. "लादीच्या मागे. कशालाच लागली नाही."

आर्मांडने वर पाहिलं, मग हातातली बिअर खडकावर ठेवली आणि अंड्यांची बरणी तशीच, झाकण न लावता, पिशवीत कोंबायला लागला. "चल, पोरी," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

ओदेत उठली नाही. ती बापाकडे बघत होती.

"रेंजरला तर म्हणालास, आई इतकी वर्षं बसली."

"बसली. तिला काही झालं नाही. त्यात माझं शहाणपण काय होतं?"

"सकाळीच माहीत होतं तुला. पायरीवरून आत आलास तेव्हा."

"हो."

"मग आणलंस कशाला आम्हाला?"

लिओनेलला धाप लागली होती. त्याने वर एक नजर टाकली.

"एकदा सगळ्यांना इथे बसलेलं बघायचं होतं," तो म्हणाला. "मला स्वतःची भीती वाटत नव्हती. तुझी वाटायला हवी होती, तर ती विसरलो. आता ऊठ. पाया पडतो तुझ्या."

बाप असं कधी बोलला नव्हता. ओदेत उठली. पिशवी खांद्याला लावली आणि डावीकडे झुडपांच्या दिशेने चालू लागली. आर्मांड लंगडत तिच्या मागे.

लिओनेल स्की काढायला वाकला. उठून उभा राहतो तर खडकावर एक तरुण आणि त्याची बायको येऊन बसली होती. तरुणाने बूट काढून मोजे उन्हात पसरले होते.

"सोडताय ना ही? थँक यू हं. सकाळपासून टपून होतो."

"इथे बसू नका," लिओनेल म्हणाला.

तरुणाने डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडे नीट पाहिलं. "आजोबा, मघाशी ओरडलात ते तुम्हीच ना? हिचं सगळं सूप सांडलं."

"मीच. लादी मागून सुटलीय. मी वर होतो, बघून आलो."

"इतकी माणसं बसलीत. सगळी मूर्ख आहेत का?"

"हो," लिओनेल म्हणाला. "मी पण त्यांच्यातच होतो."

बायको नवऱ्याकडे बघायला लागली. "चल ना रे. तिकडेही ऊन आहे."

"खाऊन जाऊ. आत्ता तर बसलो. मोजे वाळू देत."

"पप्पा!" झुडपांपाशी पोचलेली ओदेत ओरडत होती. "पप्पा, ये!"

लिओनेल गेला नाही. तो शेजारच्या खडकाकडे वळला, सॉसेज भाजणाऱ्यांकडे. त्यांना सांगितलं. ते हसले. एकाने त्याला सॉसेज देऊ केलं. त्याच्या पलीकडे एक म्हातारं जोडपं होतं, त्या बाईंचं ढोपर बांधलेलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, एकमेकांकडे पाहिलं आणि सामान आवरायला लागली. लिओनेल परत तरुणापाशी आला. बायको उठली होती, पिशवी घेऊन चारदोन पावलं गेलीही होती. तरुण पावाचा तुकडा चावत बसला होता.

"चल बाबा," लिओनेल म्हणाला. "नंतर मला हव्या तेवढ्या शिव्या दे."

तेव्हा डाव्या घळीतून कुणीतरी ओरडलं.

"लादी!"

आवाज कीथचा होता. लिओनेलने ओळखला. खडकांवर दुसऱ्या कुणी ओळखला नाही. "आलं पुन्हा," कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. सॉसेजवाल्यांनी मानाही वर केल्या नाहीत. तरुण हसला आणि लिओनेलकडे पाहून म्हणाला, "तुमचा भाऊ का?"

लिओनेल वर बघत होता.

ती पडल्यासारखी वाटलीच नाही. आधी नुसती खाली सरकली, सगळीच्या सगळी, दार सरकावं तशी. मग मधे वाकली. मग आवाज आला. लिओनेलने तरुणाच्या जाकिटाची कॉलर धरली आणि त्याला मागच्या मोठ्या खडकाच्या आडोशाला ओढलं. तरुण अनवाणी होता, त्याचे पाय ओल्या दगडावरून घसरले. तो निम्मा आत आला. निम्मा आला नाही.

*

टाळ्या पडल्या नाहीत. नुसतं पाणी वाहत होतं. मग हाका सुरू झाल्या. प्रत्येकजण आपापल्या माणसाचं नाव घेत होता.

सॉसेजवाल्यांची शेगडी कुठेच दिसत नव्हती. त्यांच्यातला एकजण बर्फात बसून आपल्या हातांकडे बघत होता. दुसऱ्याला लोक खणून काढत होते. जेवणाच्या टेबलाएवढा सपाट खडक राखाडी ढेकळांखाली गेला होता.

रेंजर बाई स्ट्रेचरची घसरगाडी घेऊन आली. तरुणाचे दोन्ही पाय गुडघ्याखाली बांधले, तरी ब्लँकेट भिजत राहिलं. त्याच्या बायकोला ओदेतने धरून ठेवलं होतं. कीथ उतरून आला होता. तो ओदेतजवळ जाऊन उभा राहिला, काय करावं ते न कळून परत आला आणि गाडीचा एक दोर हातात घेतला. रेंजर बाईने आणखी माणसं मागितली. लिओनेलने मागचा दोर घेतला. उतारावर गाडी पुढे पळू नये म्हणून मागच्याला सगळा भार अंगावर घ्यावा लागतो.

"तुम्हाला झेपेल?" तिने विचारलं. तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. लिओनेल तो शोधत होता, सापडला नाही.

"झेपेल."

निघताना तिने विचारलं, "दोनदा ओरडा झाला म्हणतात. पहिला कुणाचा?"

ओदेतने मान वर केली. लिओनेल म्हणाला, "माझा."

रेंजर बाईने मान हलवली आणि गाडी पुढे ओढली.

झाडीत शिरल्यावर वाट अरुंद झाली. गाडी हळू चालली. तरुणाचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे उघडे होते, आणि तो उताणा असल्यामुळे मागून दोर धरून येणाऱ्या लिओनेलकडेच बघत होता.

"आजोबा," तो म्हणाला. आवाज फार बारीक होता. "पहिल्या वेळी... काही पडलं होतं का?"

"नाही."

"मग खोटंच ओरडलात."

पायाखाली कुठेतरी ओढा वाहत होता.

"माझी मुलगी तिथे बसली होती," तो म्हणाला.

तरुणाने डोळे मिटले. कीथने पुढून सांगितलं, उतार येतोय, धरा. लिओनेलने दोर मनगटाला आणखी एक वेढा दिला, टाचा बर्फात रोवल्या आणि भार अंगावर घेतला.